पाचव्या गोष्टीतला मयत

७ नोव्हेंबर, शुक्रवार. पहिलं काम चादर धुण्याचं. पांढरी, जाड सुती, डबलबेडच्या चादरीहून मोठी, वरच्या काठाला ओळीनं लोखंडी कड्या शिवलेल्या. कड्या काढल्याशिवाय भिजवली तर गंज उतरतो, म्हणून कात्री घेऊन उसवायला बसले. नवरा म्हणाला, "टाक ना सरळ मशीनला." मशीनच्या ड्रमचं काय होईल याची त्याला काळजी नसते, कारण मेकॅनिकला फोन मी करते.

चादर चाचांची. चाचा गेल्या आठवड्यात गावी गेले, म्हणजे वारले. तिकडे तिसऱ्या दिवशीची प्रार्थना, जियारत, झाली. इथे कुवेतमध्ये सुट्टी बघून शुक्रवारी असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर अब्बासियातल्या त्यांच्या जुन्या फ्लॅटमध्ये त्यांच्या नावानं फातेहा पढायची ठरली होती. त्यांचा जुना भाडेकरू संतोष, त्याचा फोन आला, "ताई, चाचांची चादर तुमच्याकडंच हाय ना? बसायला तीच अंथरू." चाचा असताना त्या चादरीला हात लावायचा तर आधी हात धुवावे लागत. पण मी म्हटलं, आणते.

आम्ही कुवेतला आलो तेव्हा पहिली खोली घेतली ती चाचांकडे. ते श्रीवर्धनच्या अलीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे कोकणी मुसलमान, अर्दियाच्या एका स्पेअर पार्टच्या गोदामात स्टोअरकीपर. फ्लॅट मूळ दोन खोल्यांचा. प्लायवूडच्या भिंती घालून त्यांनी त्याच्या चार केल्या होत्या, आणि बाल्कनीला काच लावून पाचवी. ती त्यांची स्वतःची. खोल्यांना नंबर नव्हते. त्यांना गोष्टी म्हणायचं.

"तिसरी गोष्ट! गीझर कोणी चालू ठेवलाय?"

"दुसरी गोष्ट, तुजा पाव आयलाय, घेऊन जा."

आम्ही चौथी गोष्ट. पहिल्या दिवशी वाटलं, माणूस थोडा सरकलेला आहे. बुटके, ताठ, आणि बाहेर वारा भट्टीसारखा असला तरी गळ्यात तपकिरी मफलर. भाडेकरू ठेवताना नोकरी कुठे, पगार किती, हे त्यांनी विचारलं नाही. मला म्हणाले, "पिक्चर बगतंस काय गो बाय? शेवटपर्यंत?"

"वेळ मिळाला तर," मी म्हटलं.

"जमेल. खोटा नाय बोललीस."

पिक्चर म्हणजे कुठलाही नव्हे. एकच. तरुणपणी चाचा आणि त्यांचा मोठा भाऊ इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका बंदरगावी होते. भाऊ गोदीत, चाचा एका कपडे धुण्याच्या कारखान्यात. राहायला एक जुनं उंच घर, खोली-खोलीत एकेक भाडेकरू, मीटरात नाणं टाकावं तेवढाच वेळ चालणारा गॅस, आणि सगळ्यात वर छपराखाली हे दोघे. त्याच घरात एका दाढीवाल्या पोरगेल्या डायरेक्टरनं सिनेमा काढला. पैसे नव्हते, म्हणून घर एकच, आणि पाच खोल्यांच्या पाच गोष्टी. एका म्हातारीची, एका भांडकुदळ नवराबायकोची, दार न उघडणाऱ्या एका खलाशाची, आणि रोज बॅग भरून परत सोडणाऱ्या एका मुलीची. पाचवी गोष्ट छपराखालच्या खोलीची. तिथं परदेशी आलेला एक तरुण वारलाय आणि त्याचा भाऊ प्रेताजवळ एकटा बसलाय. मग खालच्या चारही गोष्टींतली माणसं एकेक करून जिना चढून येतात आणि गप्प उभी राहतात. ज्यांनी तासभर एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसतं, ती त्या खोलीत पहिल्यांदा एकत्र येतात. दोन भावांच्या कामाला नट आणायला डायरेक्टरकडे पैसे नव्हते. वर राहणारे दोघे फुकट होते आणि रोज सगळ्यांना आमटीभात घालत होते. भाऊ भावाच्या कामाला घेतला. चाचा मयताच्या.

हा सिनेमा टीव्हीवर एकदा दाखवला. चारच गोष्टी. पाचवी कापलेली.

त्याच हिवाळ्यात भाऊ छातीच्या दुखण्यानं गेला. चाचा गावी परतले, मग इकडे आले. लग्न केलं नाही. टीव्हीवरून कुणीतरी भरून घेतलेली चार गोष्टींची कॅसेट त्यांच्याकडे होती, तिची पुढे त्यांनी सीडी करून घेतली. एका बंद पडलेल्या शाळेच्या सामानातून प्रोजेक्टर उचलला. चादरीला कड्या शिवल्या. आणि महिन्यातून एका शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आणि जेवण आटोपलं की, पॅसेजमध्ये चादर टांगायची. ती पहिल्या आणि दुसऱ्या गोष्टीच्या दारांवरून जायची, त्यामुळे तिथल्या माणसांनी आधीच बाहेर यायचं, नाहीतर सिनेमा संपेपर्यंत आत.

नियम पुष्कळ. जेवल्याशिवाय बसायचं नाही. फोन बंद. चहा दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीच्या मध्ये, दुधाशिवाय. शेवटी नावं येतात तेव्हा उठायचं नाही. चाचांना इंग्रजी वाचन जेमतेम, पण ती सगळी नावं त्यांना पाठ होती. पडद्यावर आली की ते मोठ्यानं म्हणत, आणि सगळ्यात शेवटी पडद्यावर नसलेलं एक नाव जोडत. भावाचं.

मग प्रोजेक्टर बंद. चाचा चादरीसमोर उभे राहायचे, गळ्यातला मफलर काढून खिशात ठेवायचे (तो फक्त तेव्हाच निघायचा) आणि पाचवी गोष्ट तोंडानं सांगायचे.

"खोली लहान. छप्पर उतरता. मधी टेबल, टेबलावर मी. भावान् सांगितलान, आमच्यात मयताला कापूस घालतात. गोऱ्याला काय ठाव! भावान् सोता कापूस आणलान. नाकाला लावलान, कानात घातलान, हनुवटी बांधलान. डायरेक्टर बोलला, आता तुज्या भाषेत बोल, काय वाटेल ता बोल. फिल्म उरलेली येकाच टेकची. आन् भाव बोलला! बाया रडल्या, कॅमेरावाला रडला. आन् मी? मी तर मेलेला. वर कानात कापूस. मना काय ऐकू येणार?"

नंतर भावाला विचारलं तर तो म्हणाला, पिक्चरमध्ये ऐक. पिक्चरमध्ये ती गोष्टच आली नाही. "आयशीनं मरेपर्यंत इचारलान, माजा पोरगा काय बोलला? मी काय सांगू?"

हे सगळं दर वेळी तसंच, शब्दाला शब्द. बदलायचं ते याच्या पुढचं. कारण एवढं सांगून चाचा भाऊ काय बोलला तेही सांगायचे! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भाऊ म्हणाला होता, "आयशीला मी काय तोंड दाखवू?" मी दाराला टेकून उभी होते, ओढणीनं डोळे पुसले. पुढच्या महिन्यात भाऊ म्हणाला, "माजा नवा मफलर घालून मेलास, आता थंडीत मी काय घालू?" सगळे पोट धरून हसले. तिसऱ्या वेळी भाऊ खाडीवरच्या तरीचं बोलला, की होडी लागलीय, पाणी उतरायच्या आत चल.

मी हिशेबी बाई आहे. चौथ्या खेपेला विचारलं, "चाचा, तुम्हांला ऐकू आलं नव्हतं ना? मग हे कुठून आणता?"

"मना घाई नाय गो बाय. मी येकदा मेलेला माणूस हाय." कुठल्याही अडचणीच्या प्रश्नाला त्यांचं हेच उत्तर. बाहेर लोक त्यांना मेलेला हिरो म्हणत. खाली बकाला, म्हणजे किराणा दुकान, चालवणारे हुसेनभाई तर तोंडावर म्हणत, "चाचा, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. तुमचं वाढलं बघा." चाचा हसून घेत. एकदाच मला म्हणाले, "वाढला ता खरा. कुणाच्या वाट्याचा वाढला, ता इचारू नको."

टाळेबंदीत आमचा भाग बाहेरून बंद केला होता. आम्ही तेव्हा अजून चौथ्या गोष्टीत होतो. तिसऱ्या गोष्टीत संतोष, लांज्याकडचा, एसीची कामं करणारा. त्याचे वडील गावी वारले. विमानं बंद, रस्तेही बंद. त्यानं फोनवर सगळं पाहिलं, फोन ठेवला, आणि न रडता, न बोलता, न जेवता बसून राहिला. मी भात नेऊन दिला तो तसाच परत आला. नवरा दोनदा जाऊन समजावून आला. काही फरक नाही.

चाचांनी मधल्याच वारी चादर टांगली. "आज शुक्रवार नाही," मी म्हटलं. त्यांनी कड्या ओढून बघितल्या. चार गोष्टी न दाखवता एकदम पाचवी सुरू केली. मफलर काढला, कापूस सांगितला, हनुवटी सांगितली, आणि म्हणाले:

"आन् भाव बोलला, मी एकटा नाय तुज्याजवळ. जे येवक नाय शकले, त्यांच्या वाटचा खांदापण मीच देतंय. त्यांना सांग, तुमचा खांदा लागला. वजन बरोबर लागला."

संतोष चादरीकडे बघत होता. चादर कोरी होती. मग तो जो रडायला लागला तो थांबेना. चाचांनी मफलर परत गळ्यात घातला आणि मला म्हणाले, "आता भात गरम कर."

त्या दिवशी मला कळलं, की भाऊ काय बोलला हे चाचा समोर कोण बसलंय त्यावर ठरवतात. खोटं म्हणावं तर खोटंच. पण त्या आठवड्यात आम्ही बाकीच्यांनी संतोषला जे खरं-खरं सांगितलं होतं, त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

पुढे नवऱ्याच्या कंपनीनं दस्मानला फ्लॅट दिला, आम्ही अब्बासिया सोडलं. पण शुक्रवार सोडला नाही. आणि मला अर्धवट गोष्टी चालत नाहीत. माझं काम अर्दियाच्याच एका गोदामाच्या ऑफिसात. कंटेनर सापडत नाही म्हणाले तर मी तो सापडेपर्यंत फोन ठेवत नाही. सिनेमा काय वेगळा? जुन्या फिल्मा जपून ठेवणाऱ्या इंग्लंडमधल्या एका संस्थेला मी ईमेल केली. त्यांनी दुसऱ्यांचा पत्ता दिला, त्यांनी तिसऱ्यांचा. चाचांना काही बोलले नाही. हातात माल आल्याशिवाय मी कुणाला शब्द देत नाही.

माल आला तेव्हा चाचांचा निघायचा आठवडा होता. गोदाम बंद झालं होतं, इकाम्याची, म्हणजे इथं राहण्याच्या परवान्याची, मुदत संपत होती, या वयात नवीन कोण घेणार. ईमेलमध्ये लिहिलं होतं, पूर्ण प्रिंट आमच्याकडे आहे, पाचही गोष्टी आहेत, सोबत फाईल पाठवत आहोत. मी त्यांना घरी जेवायला बोलावलं, आणि जेवण झाल्यावर सांगितलं.

चाचांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "कापली कशाला, ता लिवलाय काय?"

"टीव्हीवर तासाभराचीच जागा होती. पाच बसेनात, म्हणून शेवटची काढली."

"दुसरा काय कारण नाय लिवलेला?"

"नाही."

"परत वाच."

परत वाचलं. वेळ बसत नव्हता, एवढंच होतं. चाचांनी मान हलवली. माझ्या टेबलावरचं पाण्याचं भांडं उचललं, न पिता खाली ठेवलं. मग विचारलं, "घरात कापूस हाय?"

मला वाटलं, कुठे लागलंय. औषधाच्या डब्यातून आणून दिला. त्यांनी दोन बोळे केले, एकेक करून कानांत घातले, सोफ्यावर ताठ बसले आणि हातानं खूण केली, लाव.

"चाचा, अहो, ऐकायचंय ना तुम्हांला?"

"तू ऐक."

मी लावला. थेट पाचवी गोष्ट. छपराखालची खोली होती, उतरतं छप्पर होतं, टेबल होतं. सगळं ते सांगत तसंच. टेबलावर विशीतले चाचा, हनुवटीला फडकं, नाकाला कापूस. शेजारी स्टुलावर भाऊ. चाचांसारखाच, पण उंच. खालची माणसं एकेक करून आली. म्हातारी आली, खलाशी आला, बॅगवाली मुलगी आली. भावानं वर पाहिलं नाही. तो भावाच्या कानाशी वाकला आणि बोलला. संथ, जड आवाजात, डोळ्यांत पाणी. म्हातारीनं तोंडाला हात लावला. मुलगी हुंदके देऊ लागली. मी एकेक शब्द ऐकला. त्या खोलीत ते समजणारं कुणी नव्हतं, कॅमेऱ्यामागेही नव्हतं. इथं माझ्या दिवाणखान्यात मी होते.

संपलं. चाचांनी कापूस काढून मुठीत धरला.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"सगळा?"

"सगळं. सांगू?"

"नको. मी इचारीन तवा सांग."

"कधी विचाराल?"

"मना घाई नाय," ते म्हणाले आणि पुढचं वाक्य या वेळी म्हणाले नाहीत. जाताना चादर माझ्याकडे दिली. विमानात वजन जास्त होईल म्हणाले. प्रोजेक्टर संतोषला दिला.

त्यानंतर दोन वर्षं दर शुक्रवारी त्यांचा फोन. गावची थंडी, खाडीतले मासे, शेजाऱ्याची म्हैस. मी शेवटी म्हणायचे, "चाचा, आज सांगू?" ते म्हणायचे, "आज नको, नेटवर्क बरोबर नाय." नाहीतर, "आज नको, पावणे हायत." मी आग्रह केला नाही. ज्याचा माल त्यानं मागितल्यावर द्यायचा, असा माझा हिशेब होता. मग चाचा गेल्याचा संतोषचा फोन आला.

शुक्रवारी संध्याकाळी त्याच पॅसेजमध्ये चादर अंथरली. फातेहा झाली, खजूर वाटले, चहा आला. दुधाशिवायचा, आठवणीनं. मग कुणीतरी म्हणालं, चाचांची पाचवी गोष्ट आता कोण सांगणार, आणि भांडण सुरू झालं.

"भावानं मफलरचं म्हटलं होतं," हुसेनभाई म्हणाले. "माझ्यासमोर सांगितलंय."

"काय बोलताय हुसेनभाई! मफलर बिफलर नाय. त्यानं खांद्याचं म्हटलं," संतोष चिडून म्हणाला. "मी विसरीन काय?"

दुसऱ्या गोष्टीतला ड्रायव्हर म्हणाला, "होडीचं होतं. मी तर घरी बायकोलापण होडीचंच सांगितलं."

"तुमचं बायकोला सांगितलेलं काय खरं धरायचं!" हुसेनभाई म्हणाले, आणि हशा पिकला. मग संतोष माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही सगळ्यांत जास्त वेळा ऐकलीत. तुमची कुठली?"

त्यांना फाईलचं माहीत नव्हतं. चाचांनी विचारेपर्यंत सांगायचं नाही, हे मी पाळलं होतं, आणि आता विचारणारं कुणी उरलं नव्हतं. मी जशीच्या तशी सांगितली.

"भाऊ म्हणाला, ऊठ रे आता. किती पडून ऱ्हाशील? डाळ गॅसवर ठेवून आयलोय. मीटरात येकच नाणा टाकलाय. नाणा संपेल नायतर डाळ करपेल, कायतरी येक होईल. आन् ह्या बाया रडतायत कशाला, ता मना सांग."



"ह्या!" हुसेनभाई म्हणाले. "मयताजवळ डाळीचं कोण बोलतं?"

"ही चाचांची नाय," संतोष म्हणाला. "ताई, ही तुम्ही केलीत."

"बायकांच्या डोक्यात स्वयंपाकच!" ड्रायव्हर म्हणाला, आणि सगळे इतके हसले की कुणाच्या तरी हातातला कप चादरीवर कलंडला. मी म्हटलं, असेल, माझी असेल. ओल्या जागेवर रुमाल दाबला. त्यांनी एकमतानं खांद्याची गोष्ट खरी ठरवली. खरी गोष्ट शेवटच्या नंबरावर आली. मी चादर गुंडाळून घरी आणली.

शनिवारी सकाळी, घरचे उठायच्या आत, लॅपटॉप उघडला. काल सगळे हसले ते डोक्यातून जात नव्हतं. आणि चाचांनी त्या दिवशी सोफ्यावर बसून आवाजाशिवाय काय पाहिलं, ते मला एकदा त्यांच्यासारखंच बघायचं होतं. औषधाच्या डब्यातला कापूस घेतला, दोन बोळे केले, कानांत घट्ट बसवले आणि पाचवी गोष्ट लावली.

म्हातारी जिना चढली आणि मला तिची पावलं ऐकू आली. मी बोळे आणखी आत सारले. तरी ऐकू येत होतं. कापसानं ऐकू यायचं थांबत नाही. आवाज जरा लांब जातो, एवढंच. इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकालाही कानात कापूस घालून बघायचं सुचलं नव्हतं. भाऊ वाकला, बोलायला लागला, आणि लांबून का होईना, मला शब्द न् शब्द कळला.

पहिल्या वेळी मी बोलणाऱ्याकडे बघत होते. या वेळी मयताकडे पाहिलं. ऊठ रे आता, तेव्हा चेहरा दगडासारखा. डाळीला पापणी हलल्यासारखी वाटली. आणि ह्या बाया रडतायत कशाला, तेव्हा हनुवटीच्या फडक्याच्या वर, ओठाचा डावा कोपरा हलला. अगदी थोडा. लगेच सावरला. मागे घेऊन पुन्हा पाहिलं. हसूच होतं.

चाचांनी सगळं ऐकलं होतं. तेव्हाही, आणि माझ्या सोफ्यावरही.

म्हणजे त्यांना वाटत आलं होतं, की मयत हसला म्हणून गोष्ट कापली. एकाच टेकची फिल्म, ती आपण वाया घालवली, आणि तिच्याबरोबर भावाचा आवाज गेला. आईनं विचारलं तेव्हा हे सांगवेना, म्हणून कानातला कापूस पुढे केला, आणि मग जन्मभर भावाच्या तोंडी दुसरे शब्द घालत राहिले. दुसरा काय कारण नाय लिवलेला, परत वाच, हे त्यासाठी होतं. आणि तू ऐक, हेही. मी विचारलं असतं, चाचा, तुम्ही हसलात का हो, तर कदाचित ते सांगतेही. मी त्यांनी विचारायची वाट बघत दोन वर्षं काढली. विचारायचं मी होतं.

कानांतला कापूस काढून केराच्या डब्यात टाकला. चादर पुन्हा भिजत घातली आणि चहाचा डाग साबण लावून घासला. तो पुरता निघाला नाही. वाळल्यावर कड्या होत्या तिथेच परत शिवल्या.